उतारवयातील मूत्रव्यथा आणि शस्त्रक्रियेचा फैसला

भोगावती, तुळशी आणि दूधगंगा यांच्या पाणलोटात वसलेल्या राधानगरी तालुक्यात, जेथे आषाढ-श्रावणात पाऊस दिवसचे दिवस उसंत घेत नाही, जेथे वाड्यावस्त्यांवरील कित्येक घरांचा संडास अद्याप मागील दारी गोठ्याच्या पलीकडे असतो आणि जेथे दाजीपूरच्या रानातून उतरलेले गवे रात्री शिवारात फिरतात, तेथे सत्तरी गाठलेल्या पुरुषाला एका रात्रीत चार-पाच वेळा लघवीला उठावे लागणे ही केवळ शरीराची गैरसोय राहत नाही. त्याची झोप, त्याची हिंमत, घरातील त्याचे वागणे आणि अखेरीस त्याचे स्वतःविषयीचे मत या सर्वांवर तिचा परिणाम होतो. असे असूनही हे दुःख तो सहसा बोलून दाखवीत नाही. गुडघे दुखतात हे तो पारावर बसून चार जणांत सांगेल, साखर वाढल्याचेही सांगेल. परंतु लघवीची धार बारीक झाली, जोर करावा लागतो, धोतर ओले होते, ही कैफियत तो वयाच्या माथी मारून गिळून टाकतो. पुढे एखाद्या रात्री लघवी साफ तुंबते, ओटीपोट फुगून जीव कासावीस होतो, कोणीतरी गाडी काढून त्याला दवाखान्यात नेतो, नळी घातली जाते, आणि वर्षानुवर्षे ज्याविषयी एक शब्द उच्चारला गेला नाही त्या प्रश्नाचा फैसला अर्ध्या तासात, बहुधा मुलाच्या सहीने होतो. दीर्घ मौन आणि मग घाईचा निकाल या दोहोंच्या मध्ये विचाराला जी जागा असावयास हवी, तिचा आढावा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

पुरःस्थ ग्रंथी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली प्रोस्टेट, ही मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून असते. तरुण वयात तिचे वजन सुमारे २० ग्रॅम असते आणि वीर्यातील द्रवाचा काही भाग निर्माण करणे हे तिचे कार्य असते. चाळिशीनंतर तिचा आतील, मूत्रमार्गालगतचा भाग हळूहळू वाढू लागतो. साठीपर्यंत सुमारे निम्म्या पुरुषांत आणि पंच्याऐंशीपर्यंत दहापैकी नऊ जणांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली आढळते. म्हणजे ही वाढ केस पिकण्याइतकीच वयाला लागून आलेली आहे, आणि ती कर्करोग नव्हे, हे प्रथम स्पष्ट झाले पाहिजे. परंतु वाढ सर्वांना आणि त्रास मात्र काहींनाच, असे का होते? याचे उत्तर ग्रंथीच्या आकारात पूर्णपणे सापडत नाही. लहानशी ग्रंथीही मूत्राशयाच्या तोंडाशी आत वाढली तर वाट अडविते, आणि बाहेरच्या अंगाने मोठी झालेली ग्रंथी पुष्कळदा काहीच तक्रार निर्माण करीत नाही. सोनोग्राफीच्या कागदावर छापलेला ग्रॅमचा आकडा पाहून ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

लक्षणांचे दोन वर्ग पडतात. अडथळ्याची लक्षणे म्हणजे लघवी सुरू होण्यास वेळ लागणे, धार मंद व तुटक होणे, शेवटी थेंब थेंब येत राहणे आणि होऊनही पोटात राहिल्यासारखे वाटणे. साठवणीची लक्षणे म्हणजे वारंवार लागणे, लागली की थांबवता न येणे, रात्री उठावे लागणे. पहिल्या वर्गाकडे डॉक्टरांचे लक्ष अधिक जाते, परंतु माणसाचे जिणे दुःसह करतो तो बहुधा दुसरा वर्ग, आणि नेमक्या याच वर्गाची कारणे प्रोस्टेटच्या बाहेरही असतात. मधुमेहात लघवीचे प्रमाणच वाढते. हृदय दुर्बल असेल किंवा पायांवर सूज येत असेल, तर दिवसभर पायांत साठलेले पाणी रात्री आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि लघवीवाटे बाहेर पडते. रक्तदाबासाठी घेतलेली लघवीची गोळी संध्याकाळी घेतली की रात्र जागरणात जाते. झोपेत घोरून श्वास अडखळणे, कंपवात, पूर्वी होऊन गेलेला अर्धांगवायू, बद्धकोष्ठ, निजण्यापूर्वीचा चहा, मद्य, यांपैकी कोणतेही कारण असू शकते, आणि एकाच माणसात दोन-तीनही असू शकतात. म्हणून ज्याने तीन दिवस मापाच्या भांड्यात लघवी मोजून वेळ आणि प्रमाण वहीत लिहून आणले, त्याने महागड्या तपासणीइतकीच मोलाची माहिती आणली असे समजावे. कारण रात्रीची एकूण लघवीच अधिक असेल, तर प्रोस्टेट कापून ती कमी होणार नाही.

स्वास्थ्याचा विचार येथेच सुरू होतो. तुटक झोपेमुळे दिवसा ग्लानी येते, चिडचिड होते. अंधारात घाईने उठताना, विशेषतः शेवाळलेल्या पावसाळी अंगणात, पाय घसरून खुबा मोडतो आणि एका हाडाबरोबर उरलेले आयुष्यच अंथरुणाला खिळते. मूत्रलक्षणे आणि विषण्णता यांचा संबंध अनेक देशांतील पाहण्यांत आढळला आहे, आणि तो दोन्ही दिशांनी चालतो: त्रासाने मन खचते, आणि खचलेल्या मनाला तोच त्रास दुप्पट जाणवतो. कोल्हापूरला जाणारी एस. टी. वाटेत कोठे थांबेल याची शाश्वती नाही म्हणून प्रवास टाळणारा, लग्नाच्या मांडवात पहिल्या पंक्तीला न बसणारा, वारीला जाणे बंद करणारा, भजनातून मध्येच उठावे लागते म्हणून देवळाची पायरीच न चढणारा वृद्ध आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्याच्या या माघारीला आपण स्वभाव म्हणतो, आणि तो लघवीचा विकार असतो. त्याच्यासमवेत त्याच्या पत्नीचीही झोप मोडते, आणि तिची तक्रार तर कोणत्याच कागदावर चढत नाही.

या विकाराशी झगडण्याचा इतिहास दीर्घ आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार वर्णिले आहेत. त्यांपैकी एकात मलमार्ग आणि बस्ती यांच्या दरम्यान गोट्यासारखी घट्ट, अचल, उंचावलेली गाठ निर्माण होऊन मूत्र रोखले जाते असे सांगितले आहे, आणि आजचे वैद्य तिचे प्रोस्टेटच्या वाढीशी साम्य दाखवितात. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रोग्याच्या हाती नळी देण्यापलीकडे फारसा उपाय नव्हता. १८९० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम व्हाइट यांनी ग्रंथी आक्रसावी म्हणून वृषण काढून टाकण्याचा पुरस्कार केला, यावरून हतबलतेची कल्पना यावी. ग्रंथीचा वाढलेला भाग सबंध काढण्याची शस्त्रक्रिया न्यूयॉर्कचे यूजीन फुलर यांनी आधी केली होती, परंतु तिला जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली ती पीटर फ्रेयर यांनी. हे आयरिश शल्यवैद्य इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये उत्तर हिंदुस्थानात वीस वर्षे नोकरीस होते, मूतखडे फोडण्यात त्यांनी येथेच नाव कमाविले, आणि निवृत्त होऊन लंडनला गेल्यावर १९०० च्या डिसेंबरात त्यांनी ओटीपोटातून मूत्राशय उघडून ही शस्त्रक्रिया केली. संत्र्याच्या सालीच्या आतून बोटाने गर सोडवून घ्यावा आणि साल जागीच ठेवावी, तशी ती क्रिया होती, आणि तत्त्वतः आजही तशीच आहे. साल मागे राहते ही गोष्ट पुढे कर्करोगाचा विचार करताना उपयोगी पडेल. १९४५ साली टेरेन्स मिलिन यांनी मूत्राशय न उघडता ग्रंथीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग दाखविला. दरम्यान १९२६ साली मॅक्सिमिलियन स्टर्न यांनी मूत्रमार्गातूनच आत जाऊन विजेच्या तारेने ग्रंथी तासणारे उपकरण बनविले, १९३२ साली जोसेफ मॅकार्थी यांनी ते सुधारले, आणि हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या भिंगांनी आतील दृश्य स्वच्छ दिसू लागल्यावर आपल्याकडे ज्याला दुर्बिणीचे ऑपरेशन म्हणतात ते सर्वमान्य झाले. १९९० नंतर न्यूझीलंडचे पीटर गिलिंग यांनी होल्मियम लेसरने सबंध गर सोडविण्याची पद्धत रूढ केली. मोठ्या ग्रंथींसाठी ती विशेष उपयुक्त ठरली.

औषधांची कथाही तितकीच उद्बोधक आहे. इस्राएलचे मार्को केन यांनी १९७० नंतरच्या दशकात दाखविले की मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करणाऱ्या औषधाने धार सुधारते; टॅम्सुलोसिन हे त्याच वंशातील आज सर्वाधिक प्रचलित औषध. त्याचा गुण काही दिवसांत येतो, परंतु अंथरुणातून एकदम उठल्यास चक्कर येऊ शकते. शिवाय ते घेणाऱ्याच्या डोळ्यातील बाहुलीभोवतीचा पडदा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत लुळा पडतो, म्हणून नेत्रशिबिरात ही गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गोळी बंद केली तरी हा परिणाम लगेच जात नाही. दुसरा वर्ग फिनास्टराइडचा. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांत एका विकराच्या जन्मजात अभावी पुरुषांची प्रोस्टेट लहानच राहते, हे १९७४ साली ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी प्रसिद्ध केले, आणि तो विकर रोखणारी गोळी १९९२ साली बाजारात आली. त्या गोळीने मोठी ग्रंथी सुमारे चतुर्थांशाने आक्रसते. त्याला सहा महिने लागतात आणि काहींची कामेच्छा मंदावते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, तीन हजारांहून अधिक पुरुषांना साडेचार वर्षे न्याहाळलेल्या अमेरिकी चाचणीत डॉक्साझोसिन आणि फिनास्टराइड ही दोन्ही औषधे एकत्र दिली असता विकार पुढे सरकण्याचा धोका दोनतृतीयांशाने घटला. वनस्पतींवर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी एक वस्तुस्थिती नोंदविली पाहिजे: पाश्चात्त्य देशांत याच व्याधीवर खपणाऱ्या सॉ पाल्मेटो या ताडवर्गीय वनस्पतीच्या अर्काची २२५ पुरुषांवर वर्षभर चाचणी झाली, आणि २००६ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार तो पोकळ गोळीहून सरस ठरला नाही. गोखरू व वरुण यांचा वापर आपल्याकडे परंपरेने होतो. तो वैद्याच्या देखरेखीखाली व्हावा, आणि त्यापायी लघवी तुंबण्याची पूर्वचिन्हे दुर्लक्षिली जाऊ नयेत.

एवढी साधने हाती असताना कोणाला शस्त्रक्रिया करावी हा प्रश्न मात्र शास्त्राने बराच काळ गृहीत धरला होता. त्या गृहीताला धक्का दिला तो अमेरिकेच्या मेन राज्यात जॉन वेनबर्ग यांनी. एकाच राज्यात, सारख्याच वस्तीच्या गावांत, पंच्याऐंशी वर्षांपर्यंत प्रोस्टेटची शस्त्रक्रिया होण्याची शक्यता कोठे १५ टक्के तर कोठे ६० टक्क्यांहून अधिक, असे त्यांना आढळले. हा भेद रोग्यांच्या शरीरात नव्हता, डॉक्टरांच्या मतांत होता. एक पक्ष म्हणे, आज ना उद्या करावीच लागणार, तर प्रकृती धड आहे तोवर केलेली बरी; दुसरा म्हणे, त्रास असह्य असेल तरच करावी. तपासाअंती पहिल्या पक्षाचे, लवकरच्या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढते हे म्हणणे टिकले नाही. १९९५ साली अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील ५५६ पुरुषांची चाचणी प्रसिद्ध झाली. मध्यम त्रासाच्या या पुरुषांपैकी निम्म्यांवर दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली, निम्मे देखरेखीखाली थांबले. तीन वर्षांत शस्त्रक्रियेच्या गटातील सुमारे ८ टक्क्यांच्या आणि थांबलेल्यांपैकी १७ टक्क्यांच्या बाबतीत उपाय अयशस्वी ठरला. थांबलेल्यांपैकी सुमारे चतुर्थांशांनी मुदतीत शस्त्रक्रिया करून घेतली, म्हणजे तीनचतुर्थांशांना तिची गरज भासली नाही. परंतु निर्णायक निष्कर्ष निराळाच होता: आरंभी ज्यांना आपल्या लक्षणांचा जाच सर्वांत अधिक वाटत होता, त्यांनाच शस्त्रक्रियेने सर्वाधिक सुख दिले.

हा जाच मोजता येतो का? १९९२ साली मायकेल बॅरी आणि सहकाऱ्यांनी सात प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. प्रत्येकास शून्य ते पाच गुण, एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीसपासून तीव्र. तिला आठवा प्रश्न जोडला गेला, आणि माझ्या मते साऱ्या मोजपट्टीचे सत्त्व त्या आठव्यातच आहे: आज लघवीची जी स्थिती आहे तीच जन्मभर राहिली तर तुम्हांला कसे वाटेल? ज्यांना लिहिणे-वाचणे अवघड जाते, त्यांच्यासाठी २०११ साली दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी चित्रांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. धारेची, दिवसाच्या व रात्रीच्या फेऱ्यांची आणि चेहऱ्यावरील भावांची चित्रे पाहून माणूस बोट ठेवतो. शाळेची पायरी न चढलेल्या पिढीतील अनेक वृद्ध आजही हयात असलेल्या आपल्या डोंगरी तालुक्यात हे साधन अत्यंत उपकारक ठरेल.

अर्थात माणसाच्या मर्जीवर सोडता येत नाहीत अशा काही अवस्था आहेत. तुंबलेली लघवी औषध देऊन नळी काढून पाहिल्यावरही सुटत नसेल, लघवीतून वारंवार रक्त जात असेल, मूत्राशयात खडा झाला असेल, जंतुसंसर्ग पुनःपुन्हा होत असेल, किंवा साठलेल्या मूत्राच्या दाबाने मूत्रपिंडे निकामी होऊ लागली असतील, तर शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणे धोक्याचे आहे. यांतील शेवटची अवस्था विशेष कपटी, कारण ती पुष्कळदा वेदनेवाचून येते. नकळत गळत राहणारी लघवी आणि फुगलेले ओटीपोट ही तिची खूण. या अवस्था वगळल्या, तर उरलेला सारा प्रांत निवडीचा आहे, आणि निवड करणाऱ्यास देवघेवीचा पुरा तपशील मिळाला पाहिजे. धार सुधारते, रात्रीचे उठणे बहुधा कमी होते, मात्र घाईने लागण्याची सवय जाण्यास काही महिने लागतात आणि काहींची ती पूर्णतः जात नाही. नळी काही दिवस राहते. काही आठवडे अधूनमधून लघवी लाल होते. ताठरता बहुतेकांची पूर्वीप्रमाणेच राहते, परंतु वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाणे हे निम्म्याहून कितीतरी अधिक जणांत घडते आणि ते कायमचे असते. सत्तरीच्या माणसाला त्याचे काय, असे परस्पर ठरवून ही गोष्ट न सांगणे हा अन्याय आहे. कायमची गळती क्वचित होते, पण होते. काही वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. ज्याचा मूत्राशय दीर्घ मधुमेहाने वा मज्जाविकाराने लुळा पडला आहे, त्याला अडथळा काढूनही अपेक्षित गुण न येण्याचा संभव असतो. म्हणून अशा रोग्यात मूत्राशयाचा दाब आधी मोजून घेणे शहाणपणाचे.

कर्करोगाची भीती या निर्णयावर सर्वांत गडद सावली टाकते. इंग्लंडचे पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन १९६३ च्या ऑक्टोबरात लघवी अडून रुग्णालयात गेले, आणि आजारपणाच्या त्याच दिवसांत त्यांनी पद सोडले; गाठ साधी निघाली आणि ते १९८६ पर्यंत जगले. पुढच्याच वर्षी फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गोल यांच्यावर त्र्याहत्तराव्या वर्षी तीच शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर निवडणूक जिंकून त्यांनी १९६९ पर्यंत राज्यकारभार पाहिला. प्रोस्टेटच्या साध्या वाढीचे रूपांतर कर्करोगात होत नाही. तो बहुधा सालीच्या भागात स्वतंत्रपणे उद्भवतो, आणि साध्या शस्त्रक्रियेत साल मागे राहत असल्याने ती करून घेतल्यावरही कर्करोगाची शक्यता पूर्णपणे मिटत नाही. कर्करोगाच्या संशयासाठी पाहिला जाणारा रक्तातील पी. एस. ए. हा आकडा साध्या वाढीनेही चढतो, जंतुसंसर्गाने वा लघवी तुंबल्यानेही चढतो, आणि फिनास्टराइडने निम्म्यावर येतो. तो आकडा एकटा वाचू नये. २०२४ च्या जानेवारीत इंग्लंडचे राजे चार्ल्स यांनी आपल्या वाढलेल्या प्रोस्टेटवर उपचार होणार असल्याचे जाहीर केले. जे एका राजाला सांगण्यात कमीपणा वाटला नाही, ते आपल्या आजोबांना घरात सांगण्याची लाज वाटू नये, एवढे वातावरण निर्माण करणे आपल्या हातचे आहे.

आता राधानगरीपुरता विचार करू. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आरंभिलेल्या धरणामुळे या खोऱ्याचे पाणी बांधले गेले आणि खाली उसाचे मळे उभे राहिले; शेतीचे वेळापत्रकही त्या पाण्याने ठरते, आणि शस्त्रक्रियेचा मुहूर्त शेतकरी त्या वेळापत्रकात शोधतो. त्यात गैर काही नाही. शस्त्रक्रियेनंतर महिना-दीड महिना ओझे उचलणे, सायकल वा मोटारसायकल हाकणे, कुथणे टाळावे लागते, म्हणून ज्याला घाई नाही त्याने भाताची लावणी आणि उसाची तोड सांभाळून दिवस धरावा. मात्र ज्याला तुंबण्याची चिन्हे आहेत त्याने पावसाळ्यापूर्वी निकाल लावावा. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत महापुराने जिल्ह्यातील रस्ते पाण्याखाली गेले तेव्हा पन्नासेक किलोमीटरांवरचे कोल्हापूर किती दूर असते हे सर्वांनी अनुभविले आहे. सर्दीच्या कित्येक गोळ्यांनी आणि मद्याने लघवी अकस्मात तुंबू शकते, हेही पावसाळ्यात विसरू नये. शस्त्रक्रियेसाठी पूर्वी दक्षिण महाराष्ट्रातील माणूस डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली स्थापिलेल्या मिरजेच्या मिशन रुग्णालयाची वाट धरी. आज कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आणि अनेक खासगी रुग्णालये आहेत. पैशाची अडचण हे मौनाचे दुसरे कारण. २०१२ साली जीवनदायी या नावाने निघालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियांनाही लागू आहे, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्र शासनाने सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत आणले. कोणत्या रुग्णालयात कोणती शस्त्रक्रिया मंजूर होईल याची रुजुवात तेथील आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका व आधारपत्र घेऊन आधीच करावी.

अखेर मुखत्यारी कोणाची, हा प्रश्न उरतो. मुंबई-पुण्याहून आलेला मुलगा खर्च करतो म्हणून, डॉक्टर जाणकार म्हणून, आणि वृद्ध स्वतः संकोची म्हणून निर्णय त्याच्याभोवती होतो, त्याच्याकडून होत नाही. ही रीत बदलली पाहिजे. गावपातळीवर आशाताईंनी साठी ओलांडलेल्या पुरुषांना, रक्तदाब विचारतात तितक्याच सहजपणे, रात्री किती वेळा उठता असे विचारावे. ग्रामीण रुग्णालयात साखर, लघवीची तपासणी, चालू औषधांची यादी आणि चित्रांची मोजपट्टी एवढे झाले, तरी कोल्हापूरला कोणाला पाठवावे आणि कोणाला गोळीची वेळ बदलून घरीच निर्धास्त ठेवावे हे पुष्कळ अंशी उमगेल. तज्ज्ञासमोर बसताना, शक्यतो पत्नीला सोबत घेऊन, वृद्धाने चार प्रश्न विचारावेत: माझा त्रास खरोखर प्रोस्टेटचाच आहे का, थांबलो तर काय होईल, औषधाने किती आणि शस्त्रक्रियेने किती गुण येईल, आणि त्या बदल्यात मला काय गमवावे लागेल. ज्याला उत्तरे ऐकून थांबावेसे वाटते तो भित्रा नव्हे, आणि ज्याला शस्त्रक्रिया करून घ्यावीशी वाटते तो उतावळा नव्हे. दोघांनाही आपल्या उरलेल्या रात्री कशा घालवावयाच्या हे ठरविण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क लघवी तुंबण्याच्या रात्री देऊन चालत नाही. तो त्याच्या कितीतरी आधी, दिवसाउजेडी आणि वृद्धाच्या स्वतःच्या तोंडून बजावला गेला पाहिजे.